नदीला न जुमानणारी सीमा

फिनलंड आणि स्वीडन यांच्या सीमेवर, बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाशी, टोर्निओ आणि हापारांडा ही दोन गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. टोर्निओ फिनलंडचे, हापारांडा स्वीडनचे. या गावांना लागून असलेल्या सखल, पाणथळ पट्ट्यात अठरा होलचे एक गोल्फ मैदान आहे आणि दोन देशांची सीमा त्या मैदानातूनच जाते. एका देशात मारलेला चेंडू दुसऱ्या देशात पडतो आणि तिथे घड्याळ एक तास वेगळे असते. एवढ्या गमतीसाठी दूरदूरचे गोल्फर इथे येतात. या गमतीमागे मात्र १८०९ सालचा एक तह आहे आणि त्याहून जुनी, अजूनही चालू असलेली एक भौगोलिक घडामोड आहे.

टॉर्ने नदी स्वीडनच्या डोंगरातल्या टॉर्नेत्रेस्क सरोवरातून निघते आणि पाचशे किलोमीटरहून अधिक वाट चालून समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी सुएनसारी नावाचे बेट होते. उत्तरेकडून येणारी कातडी, सुकवलेले मासे, लोणी आणि नदीतला सामन मासा यांचा व्यापार इथे फार पूर्वीपासून चालत असे. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने १६२१ मध्ये या बेटावर टोर्निओला शहराची सनद दिली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होते, त्यामुळे नदीच्या दोन काठांमध्ये सीमा असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही काठांवर फिनिश बोलणारे शेतकरी राहत. त्यांची सोयरीक एकमेकांत होई आणि चर्चही एकच असे.

इथली जमीन स्थिर नाही. हिमयुगात तिच्यावर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळल्यावर दबलेला भूभाग हळूहळू वर येऊ लागला आणि आजही तो दरवर्षी सुमारे आठ मिलिमीटर वर येतो. शंभर वर्षांत हे पाऊण मीटरच्या पुढे जाते. सपाट किनाऱ्यावर एवढी उंची बंदर निकामी करायला पुरते. टोर्निओची गोदी उथळ होत गेली आणि बेटाच्या पश्चिमेचा नदीचा फाटा गाळाने व गवताने भरत गेला. बेट पश्चिम काठाला जवळजवळ चिकटले. पुढे हाच बुजत चाललेला फाटा आंतरराष्ट्रीय सीमा झाला.

टोर्निओचे नाव झाले ते आधी सूर्यामुळे. गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे गणिताने पाहिले तर जूनच्या मध्यरात्री सूर्याचा मध्य क्षितिजाखाली जायला हवा. पण वातावरणात प्रकाश वाकतो, आणि उंचावर उभे राहिले तर सूर्याची वरची कड दिसत राहते. १६९४ च्या जूनमध्ये राजा अकरावा चार्ल्स मुद्दाम इथे आला आणि चर्चच्या मनोऱ्यावरून त्याने मध्यरात्रीचा सूर्य पाहिला. त्याला त्याचे इतके नवल वाटले की पुढच्याच वर्षी त्याने बिलबेर्ग आणि स्पोले या दोन विद्वानांना प्रकाशाचे वक्रीभवन मोजायला पाठवले. राजाची ही सहल म्हणजे या भागातल्या हौशी पर्यटनाची पहिली मोठी नोंद म्हणता येईल. १६८६ मध्ये पूर्ण झालेले ते लाकडी चर्च आजही टोर्निओत उभे आहे.

चाळीसेक वर्षांनी आलेले पाहुणे अधिक गंभीर कामासाठी आले होते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे की लांबट, यावर तेव्हा युरोपात वाद पेटला होता. न्यूटनचे म्हणणे चपटी; पॅरिसच्या कासिनी या खगोलशास्त्रज्ञ घराण्याच्या मोजण्यांवरून मात्र उलटा निष्कर्ष निघत होता. निकाल लावायचा तर विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ, दोन्हीकडे एका अंशाची लांबी मोजणे भाग होते. फ्रेंच अकादमीने एक तुकडी आजच्या एक्वादोरकडे पाठवली आणि दुसरी, पिएर लुई मोपेर्त्युई याच्या नेतृत्वाखाली, १७३६ मध्ये टोर्निओला. तिच्यात गणिती क्लेरो होता, प्रवासाचे वर्णन आणि नकाशे मागे ठेवणारा पाद्री उतिए होता, आणि ज्याच्या नावाने आज तापमान मोजतात तो स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ आंडेर्स सेल्सियस होता.

टोर्निओच्या चर्चचा मनोरा हे मोजणीचे दक्षिण टोक ठरले आणि उत्तरेचे टोक पेल्लोजवळची कित्तिस टेकडी. मधल्या टेकड्यांवरची झाडे तोडून खुणा उभारल्या गेल्या. उन्हाळा डास आणि माश्यांशी झुंजण्यात गेला. त्रिकोणांच्या साखळीला आधार म्हणून एक रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते आणि तिच्यासाठी सपाट जागा हवी. या डोंगराळ मुलखात तशी जागा एकच होती, ती म्हणजे गोठलेली नदी. १७३६ च्या डिसेंबरात, दिवसाचा उजेड जेमतेम काही तास असताना, दोन गटांनी लाकडी दांडे एकापुढे एक ठेवत सुमारे चौदा किलोमीटरची रेषा बर्फावर स्वतंत्रपणे मोजली. दोघांच्या मापात फरक पडला अवघा चार इंचांचा. टॉर्नेकाठचा एक अंश पॅरिसजवळच्या अंशापेक्षा लांब भरला, म्हणजे न्यूटन बरोबर होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश शास्त्रज्ञ स्वानबेर्ग याने फेरमोजणी केली, तेव्हा मोपेर्त्युईचा अंश प्रमाणाबाहेर मोठा निघाला होता असे दिसून आले. चूक झाली होती खरी, पण ती खऱ्या उत्तराच्याच बाजूने झुकलेली होती. विज्ञानात असे नशीब प्रत्येकाला लाभत नाही.

मोजणीचे हे वेड पुढेही चालू राहिले. नॉर्वेतल्या हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंतची, खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हच्या नावाची २,८२० किलोमीटरची त्रिकोणांची साखळी १८१६ ते १८५५ या काळात मोजली गेली. टोर्निओजवळचे अलाटोर्निओचे चर्च हा तिचा एक बिंदू, आणि २००५ पासून ही साखळी युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मराठी वाचकाला याच कामाची भारतातली बाजू फार जवळची आहे. मद्रासहून १८०२ मध्ये सुरू झालेली भारताची महामोजणी उत्तरेकडे नेत असताना विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे.

या विद्वानांच्या आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या प्रवाशांच्या पुस्तकांमुळे टोर्निओ युरोपात ओळखीचे झाले. १७३२ मध्ये लॅपलंडच्या प्रवासात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस इथून गेला होता. १७९९ मध्ये इटालियन प्रवासी जुझेप्पे आचेर्बी याने नॉर्थ केपकडे जाताना हीच वाट धरली. उत्तरेला जाणाऱ्याला टोर्निओ चुकवता येत नसे.

मग १८०८ साली युद्ध आले. रशियाने फिनलंड जिंकले आणि १७ सप्टेंबर १८०९ रोजी हामिनाच्या तहाने स्वीडनने आपल्या राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग सोडून दिला. नवी सीमा टॉर्ने आणि तिची उपनदी मुओनियो यांच्या सर्वांत खोल प्रवाहातून जायची, असे ठरले. हा नियम सोपा आणि भांडण टाळणारा होता. फक्त एका ठिकाणी तो मोडला. मुख्य प्रवाह सुएनसारीच्या पूर्वेने वाहत होता, त्यामुळे नियम काटेकोर पाळला असता तर टोर्निओ शहर स्वीडनकडे राहिले असते. या टोकाला असलेले एकमेव शहर, त्याची बाजारपेठ आणि उत्तरेच्या व्यापाराची किल्ली सोडायला रशिया तयार नव्हता. म्हणून शहरापाशी सीमा मुख्य नदी सोडून बेटाच्या पश्चिमेला, त्या बुजत चाललेल्या फाट्यातून काढण्यात आली. सुएनसारीवरून पश्चिमेकडे पाहणाऱ्याला आज नदी दिसत नाही. गवत आणि झुडपे दिसतात, तीही परदेशातली. नकाशा नदीच्या आधाराने काढायचा आणि सोयीच्या जागी नदीच बाजूला ठेवायची, ही तहाच्या टेबलावरची जुनी रीत आहे.

उत्तरेकडच्या गावांना खोल प्रवाहाच्या नियमाचा वेगळाच चटका बसला. कारुंगी, कुक्कोला आणि पेल्लो या प्रत्येक नावाचे गाव आज नदीच्या दोन्ही काठांना आहे. चर्चच्या हद्दी दुभंगल्या आणि कुठे घर या काठाला तर गवताचे कुरण त्या काठाला राहिले. स्वीडनच्या बाजूला राहिलेल्या फिनिश भाषकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शाळेत फक्त स्वीडिश शिकवले जाऊ लागले, आणि मुलांनी घरची भाषा बोलणे हा जवळपास गुन्हाच झाला. तिथे टिकून राहिलेली बोली म्हणजे मेआनकिएली. तिला स्वीडनने २००० साली अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता दिली.

टोर्निओ गेल्यावर स्वीडनच्या व्यापाऱ्यांना या बाजूला बाजारपेठ उरली नाही. तिची भरपाई म्हणून अगदी समोर, पश्चिम काठावर, नवी वसाहत उभारली गेली. १८२१ मध्ये तिला बाजारगावाचा आणि १८४२ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. हेच हापारांडा. रशियानेही आपल्या बाजूला सैन्याची तुकडी ठेवली. तिच्यासाठी टोर्निओत ऑर्थोडॉक्स चर्च झाले; सध्याची इमारत १८८४ ची आहे. गंमत म्हणजे याच काळात युरोपातले श्रीमंत लोक मध्यरात्रीचा सूर्य पाहायला मोठ्या संख्येने येऊ लागले होते. गावाच्या उत्तरेला २४२ मीटर उंचीची आवासाक्सा टेकडी त्यांची आवडती जागा होती. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रशियाच्या सम्राटाच्या भेटीसाठी लाकडी बंगला बांधला गेला. सम्राट काही आला नाही, पण बंगला पाहायला लोक अजून जातात.

पहिल्या महायुद्धाने या कोपऱ्याला अचानक जगाच्या मध्यावर आणून ठेवले. जर्मनीने बाल्टिक समुद्र अडवल्यावर रशिया आणि पश्चिम युरोप यांच्यातला जमिनीवरचा मार्ग उरला तो इथूनच. रेल्वे दोन्ही बाजूंनी येत होती, पण रूळ जुळत नव्हते. रशियाच्या राजवटीत बांधलेल्या फिनलंडच्या लोहमार्गाची रुंदी १,५२४ मिलिमीटर, स्वीडनच्या मार्गाची १,४३५. नदीवरचा रेल्वेपूल १९१९ पर्यंत झाला नव्हता, त्यामुळे टपाल, पार्सले आणि यंत्रसामग्री घोड्यांवर, बोटींवर आणि हिवाळ्यात घसरगाड्यांवरून नदीपार नेली जाई. रेडक्रॉसच्या मध्यस्थीने जखमी युद्धकैद्यांची अदलाबदलही इथेच होई. साठ हजारांहून अधिक अपंग सैनिक या मार्गाने मायदेशी गेले. काही जण हापारांडाच्या पुढे जाऊ शकले नाहीत आणि तिथल्याच दफनभूमीत राहिले. १५ एप्रिल १९१७ रोजी स्वित्झर्लंडहून परतणारा लेनिन आपल्या सहकाऱ्यांसह हापारांडाला उतरला आणि घसरगाडीत बसून टोर्निओला पोहोचला. तिथे मित्रराष्ट्रांच्या वतीने पहारा करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याची झडती घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिले.

त्याच वर्षी फिनलंड स्वतंत्र झाले. आता सीमा दोन लहान लोकशाही देशांमधली होती, पण तिच्यावरची वर्दळ आणखीच गमतीदार झाली. फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ दारूबंदी होती आणि स्वीडनमधून दारू आणण्यासाठी अंधारी, गोठलेली नदी तयारच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर माल बदलला. फिनलंडमध्ये कॉफी १९५४ पर्यंत शिधापत्रिकेवरच मिळे, आणि फिनिश माणसाला कॉफीशिवाय राहायला सांगणे म्हणजे तस्करीला आमंत्रणच. टॉर्नेच्या खोऱ्यात अशा चोरट्या व्यापाऱ्याला 'योप्पारी' म्हणत आणि त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून कुणी फारसे पाहत नसे. कस्टमच्या शिपायाला चकवून रात्री स्कीवरून कॉफीची पोती आणणाऱ्यांचे किस्से इथे घराघरांत सांगितले जातात.

१९४४ चा शरद ऋतू मात्र किश्श्यांचा नव्हता. फिनलंडने सोव्हिएत युनियनशी युद्धबंदी केली आणि त्याला आपल्याच भूमीवरच्या जर्मन सैन्याला हाकलणे भाग पडले. लॅपलंडमधल्या पन्नास हजारांच्या आसपास लोकांनी गुरांसह नदी ओलांडून स्वीडनमध्ये आसरा घेतला. १ ऑक्टोबरला फिनिश सैन्य समुद्रमार्गे टोर्निओला उतरले आणि आठवडाभर लढाई चालली. जर्मन सैन्य उत्तरेला हटताना गावेच्या गावे जाळत गेले. टोर्निओ त्यातून बचावले, आणि जुने लाकडी चर्चही.

युद्धानंतर सीमेची धार लवकर बोथट झाली. १९५२ पासून नॉर्डिक देशांचे नागरिक पासपोर्टशिवाय एकमेकांच्या देशात जाऊ लागले आणि १९५८ मध्ये अंतर्गत सीमांवरची पासपोर्ट तपासणीही थांबली. पण या जोडगावात एकत्र येण्याची सुरुवात झाली ती सांडपाण्यापासून. दोन स्वतंत्र प्रकल्पांचा खर्च परवडत नाही हे दोन्ही नगरपालिकांच्या ध्यानात आले आणि १९७० च्या दशकात सामाईक सांडपाणी प्रकल्प उभा राहिला. १९८७ मध्ये सहकार्याची कायम यंत्रणा झाली आणि १९८९ मध्ये दोन्ही देशांतल्या मुलांची एक शाळा. १९९५ मध्ये दोन्ही देश युरोपीय संघात आले, २००१ मध्ये शेंगेन करार लागू झाला. २००६ च्या नोव्हेंबरात हापारांडात, सीमेला अगदी चिकटून, इकेआचे दुकान उघडले, तेव्हा शेकडो किलोमीटरवरून गिऱ्हाइके आली.

गोल्फ या कथेत उशिरा येतो. स्वीडनमध्ये हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आला आणि फिनलंडमधला पहिला क्लब हेलसिंकीत १९३२ मध्ये निघाला. दोन्ही ठिकाणी बराच काळ तो शहरातल्या सुखवस्तू मंडळींपुरताच राहिला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मात्र तो झपाट्याने पसरला आणि आर्क्टिकच्या उंबरठ्यावरच्या गावांनाही मैदान हवेसे वाटू लागले. टोर्निओत मोठी, सलग आणि स्वस्त जमीन हवी होती. ती मिळाली पश्चिमेच्या त्या जुन्या फाट्याच्या पट्ट्यात. शेतीला ओली, घरांना नको असलेली आणि सीमेमुळे मोकळी राहिलेली ही जागा होती. एका देशाच्या हद्दीत अठरा होल बसत नव्हते. दोन्ही देशांची मिळून जागा पुरेशी होती. 'ग्रीन झोन' नावाचे हे मैदान त्यातून आकाराला आले. १८०९ च्या मुत्सद्द्यांनी नदी बाजूला ठेवली नसती तर या जागी गोल्फ खेळायला पाण्यात उतरावे लागले असते.

मैदानावर सीमा कळते ती खुणेच्या खांबांवरून. गवत दोन्हीकडे सारखेच. एका फेरीत सीमा वारंवार ओलांडली जाते आणि दरवेळी तास पुढे किंवा मागे होतो, कारण फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असते. सुरुवातीची टी स्वीडनमध्ये आणि खळीभोवतीचा ग्रीन फिनलंडमध्ये अशा होलवर पहिल्याच फटक्यात चेंडू खळीत गेला तर तो तासभर हवेत होता, असा इथला विनोद आहे. उलट दिशेने मारला तर तो मारण्याआधीच पोहोचतो. हिशेब मजेशीर असला तरी वेळ राखून ठेवताना ती कोणत्या घड्याळाची हे विचारून घ्यावेच लागते.

बर्फ वितळून गवत सावरेपर्यंत मे महिना संपत येतो आणि सप्टेंबरनंतर खेळ आटोपतो. मात्र जून आणि जुलैच्या सुरुवातीला रात्र होतच नाही, त्यामुळे मध्यरात्री खेळता येते आणि बहुतेक पाहुणे त्यासाठीच येतात. सूर्य इतका खाली असतो की सावल्या मैदानभर लांबतात आणि त्याच्या दिशेने मारलेला चेंडू डोळ्यांना दिसत नाही. डास १७३६ इतकेच उत्साही आहेत. भारतातून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा एकच पुरतो, पण खिशात दोन चलने लागू शकतात, कारण फिनलंडमध्ये २००२ पासून युरो आणि स्वीडनमध्ये अजून क्रोना.

गोल्फनंतर पाहण्यासारखे बरेचसे नदीकाठीच आहे. हापारांडापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कुक्कोलाचे धावते पाणी आहे. इथे पांढऱ्या सिक माशांची मासेमारी शतकानुशतके एकाच पद्धतीने चालते. खळाळत्या पाण्यावर फळ्यांचे अरुंद मचाण बांधतात. त्यावर उभा राहून मच्छीमार कित्येक मीटर लांब दांड्याचे झोळीसारखे जाळे वरच्या अंगाला टाकतो, प्रवाहाबरोबर खाली ओढत आणतो आणि उचलतो. बहुतेक वेळा जाळे रिकामेच येते. तो पुन्हा टाकतो. पकड गावातल्या जुन्या घरांच्या वाट्यांप्रमाणे विभागली जाते आणि मासे काठीला लावून, मीठ चोळून, विस्तवाच्या बाजूला सावकाश भाजतात. जुलैच्या अखेरीस इथे माशांची जत्रा भरते. नदीवर धरण नसल्यामुळे सामनही अजून समुद्रातून वर चढतो.

गावांत मात्र पाहण्याजोग्या इमारती मोजक्याच आहेत. टोर्निओच्या लाकडी चर्चचे रंगवलेले छत पाहण्यासारखे आहे. हापारांडात १९०० सालचे नगर हॉटेल आणि मोठ्या अपेक्षेने बांधलेले रेल्वे स्थानक आहे. तिथले जुने चर्च १९६३ मध्ये जळाले आणि चार वर्षांनी उभे राहिलेले नवे चर्च धान्याच्या कोठारासारखे दिसते, असे अनेकांचे मत आहे. ते मत चुकीचे म्हणता येत नाही. नववर्षाला दोन्ही गावांची मंडळी सीमेवर जमतात आणि आधी फिनलंडचे, मग तासाभराने स्वीडनचे नवे वर्ष साजरे करतात.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे फिनलंडने सीमा बंद केली. दोन गावांच्या मध्ये कुंपण उभे राहिले आणि काठाकाठावर राहणारे नातलग त्याच्या दोन बाजूंना उभे राहून बोलू लागले. सत्तर वर्षे विस्मरणात गेलेली सीमा एका रात्रीत परत आली. ती पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. सीमारेषेची फेरमोजणी मात्र ठरल्याप्रमाणे होतच असते. नदीचा खोल प्रवाह सरकत राहतो, म्हणून दोन्ही देशांचे मोजणीदार साधारण दर पंचवीस वर्षांनी तळ मोजतात आणि रेषा थोडी इकडेतिकडे करतात. १९८१ आणि २००६ मध्ये हे काम झाले. पुढची पाळी २०३१ च्या सुमारास येईल.